खालच्या दोन पिना

माझ्या हाताचं कौतुक मी सव्वीस वर्षांपासून ऐकून राहिलो. प्लांटात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सले आहो. काही अडकलं, गंजलं, जाम झालं अन् मोडतोड न करता उघडायचं असलं, की पहिले मलेच बोलावतात. पण एक डब्बा मी असा उघडला, की त्याचं कौतुक फक्त मीच केलं, तेही भर घरात, पाहुण्यांसमोर. त्याची लाज अजून गेली नाही, म्हणून लिहून राहिलो.

डब्बा म्हणजे गाडीतला. डाव्या सीटसमोर डॅशबोर्डात असतो तो. मेकॅनिक लोक त्याले ग्लव बॉक्स म्हणतात, आमच्या घरी नुसता डब्बा. गाडी जुनी, सेकंडहँड घेतलेली. मी ड्युटीले स्कूटरनं जातो, त्यामुळे गाडी बायकोच्याच हातात राहते. चालवायले मीच शिकवलं तिले, प्लांटच्या वसाहतीत, आमच्या सेक्टरच्या मागच्या रिकाम्या रोडवर, अन् शिकवताना इतका ओरडलो की बाजूच्या क्वार्टरातले लोक बाहेर येऊन पाहत. तरी ती शिकली. आता माझ्यापेक्षा चांगली चालवते, हे मी तिले कधी बोलून दाखवलं नाही.

एक दिवस तो डब्बा जाम झाला. चूक माझी. विम्याचे कागद, टॉर्च, जुनी फडकी, अर्धी पाण्याची बाटली, सगळं कोंबून मी झाकण गुडघ्यानं दाबून बंद केलं होतं. दुसऱ्या दिवशी हँडल उचललं तर उघडेना. मी मोठा पेचकस आणून फटीत घातला. बायकोनं माझा हात धरला, म्हणाली मोडाल तुम्ही. मले शिकवते का, असं म्हणून मी आणखी जोर लावला, अन् झाकणाच्या कडेवर पांढरा चरा उमटला. मग गुमान गाडी सुपेल्याले नेली.

सुपेल्याच्या चौकामागच्या गल्लीत एक म्हातारा मेकॅनिक बसतो. बोलणं कमी, हात सोन्याचा. त्यानं आधी माझा पेचकस बाजूले ठेवायले लावला. "खींचो मत भैया, पहले अंदर दबाओ," म्हणाला. तळहातानं झाकण आत दाबून धरलं, दुसऱ्या हातानं हँडल हलकंच उचललं, अन् डब्बा उघडला. आतल्या सामानाचा जोर कडीवर येऊन राहिला होता. तो जोर काढला की कडी आपोआप सुटते, एवढंच. मग त्यानं न विचारताच आणखी एक गोष्ट दाखवली. लॉक लागून चावी हरवली तरी डब्बा फोडायची गरज नसते. खाली, जिथे पाय ठेवतो तिथे वाकून पाहिलं तर झाकणाले दोन प्लास्टिकच्या पिना असतात, बिजागरीसारख्या. त्या हळूच बाजूले सरकवून काढल्या की झाकण खालून सुटतं अन् हात आत जातो. वरचं लॉक जसंच्या तसं राहतं. बायको माझ्या बाजूलेच उभी होती. तिनंही वाकून त्या पिना पाहिल्या.

अन् तिथेच तिनं मेकॅनिकले विचारलं, याचं लॉक चालू होईल का. ते कधीचं बंद पडलं होतं. त्यानं तेल टाकून ते मोकळं केलं अन् लहान चावी तिच्या हातात दिली. तुले लॉक कशाले पाहिजे, मी विचारलं.

"घरात माझी म्हणून एक फळीही नाही," ती म्हणाली. "हा डब्बा मले द्या."

मी हसलो. घे बापा, म्हणालो, डब्बाच तर मागून राहिली.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. दोन खोल्यांचं क्वार्टर, तिघं माणसं, आम्ही दोघं अन् आमची पोट्टी, म्हणजे लेक. माझी एखादी वस्तू सापडली नाही की मी सगळी कपाटं धाडधाड उघडतो, तिच्या साड्यांच्या घड्यांतही हात घालतो. घरच्या कपाटाले कुलूप लावलेलं मले खपत नाही. आपल्याच घरात कसलं कुलूप, हे माझं ठरलेलं वाक्य होतं.

आता प्लांटातली एक रीत सांगणं भाग आहे, नाही तर पुढचं समजणार नाही. आमच्याकडे मशीनवर काम करायचं असलं की आधी करंट बंद करतात, त्याले शटडाऊन घेणं म्हणतात. मग काम करणारा माणूस त्या स्विचवर स्वतःचं लॉक लावतो अन् चावी स्वतःच्या खिशात ठेवतो. लॉकले एक लाल टॅग बांधतो. त्याच्यावर छापलेलं असतं: खतरा, काम चालू है, हाथ न लगाएँ. खाली नाव, तारीख, विभाग. ते लॉक त्याच माणसानं काढायचं, दुसऱ्या कोणीच नाही, साहेब असला तरी नाही. कारण इकडे कोणी स्विच टाकला तर तिकडे मशीनमध्ये हात घातलेला माणूस जागच्या जागी जातो.

एकदा आमचा एक सोबती, लेकराले ताप आला म्हणून शिफ्ट संपताच घाईघाईत कोहक्याले घरी निघून गेला. लॉक स्विचवर, चावी त्याच्या खिशात. काम केव्हाचं झालेलं, माल वाहणारा पट्टा सुरू करायचा, अन् फोरमन कटर घेऊन आला. मी लॉकसमोर आडवा उभा राहिलो. ज्याचं लॉक त्याचीच चावी, म्हणालो, हात लावू देणार नाही. मग स्कूटर काढून कोहक्याले गेलो, त्याले मागे बसवून आणलं, त्यानं त्याच्या हातानं लॉक काढलं, तेव्हाच पट्टा फिरला. फोरमन पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही, पण मोठ्या साहेबानं सगळ्यांसमोर पाठ थोपटली. ही गोष्ट मी किती लोकांले सांगतली असेल याचा हिशेब नाही. लग्नात, बारशात, मयतीच्या घरीही सांगतली. बायकोले तर तोंडपाठ होती. मी एखादा शब्द विसरलो की ती स्वयंपाकखोलीतून तो पुरवायची.

टॅगचा छापा बदलला तेव्हा जुन्यांचा गठ्ठा रद्दीत निघाला. तो मी घरी आणला होता. पोट्टी लहानपणी त्याच्या पाठीवर चित्रं काढायची. बायको डाळींच्या डब्यांले बांधायची, म्हणजे तुरीच्या डाळीवर खतरा, हरभऱ्याच्या डाळीवर खतरा. तसलाच एक टॅग, मेकॅनिककडून आल्यावर आठेक दिवसांनी, मले गाडीतल्या डब्ब्याच्या हँडलले बांधलेला दिसला. नावाच्या जागी तिचं नाव. तारीख. विभाग: घर.

मी पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी शिफ्टमध्ये सगळ्यांले सांगतलं, बायकोनं डब्ब्याचा शटडाऊन घेतला म्हणून. सगळे हसले. ती मात्र हसली नव्हती, हे मले तेव्हा दिसलं नाही.

पुढे दोन-तीन महिने काही झालं नाही. मग माझी सकाळची ड्युटी सलग सुरू झाली. मी अडीचले घरी यायचो, जेवून आडवा व्हायचो, अन् ती तीन वाजता भाजी आणते म्हणून गाडी घेऊन जायची. यायची पाच-सव्वापाचले. भाजी म्हणजे काय, तर एक कोबी अन् पावभर मिरच्या. कुठे गेली होती विचारलं की म्हणायची सुपेल्याले. आता मेंटेनन्सच्या माणसाले मीटर पाहायची सवय असते. मी गाडीचं मीटर पाहायले लागलो. सुपेल्याले जाऊन यायचे आमच्याकडून दहा किलोमीटर होतात. गाडी फिरायची चार.

अन् डावी सीट. ती नेहमी समोर असायची. आता रोज पूर्ण मागे सरकवलेली, पाठ थोडी तिरपी केलेली. म्हणजे ती गाडी चालवते अन् तिच्या बाजूले कोणीतरी बसतं. पाय लांब करून बसतं.

माझ्या मनात काय आलं ते लिहायची लाज वाटते, पण आता सुरूच केलं तर लिहितो. मी त्या सीटचा वास घेतला. वीस वर्षांच्या संसारातली बायको, जिनं माझ्या बापाचं शेवटचं दुखणं एकटीनं काढलं, तिच्या गाडीची सीट मी नाकानं हुंगली. वास कशाचाच नव्हता, फुटाण्याचा थोडासा. सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात, मी तर नरक गाठला. अन् तिले सरळ विचारायची हिंमत झाली नाही, कारण विचारलं असतं तर तिनं सांगतलं असतं, अन् मग माझा राग कुठे गेला असता?

एका दुपारी बाजूच्या क्वार्टरात सत्यनारायण होता. मायलेकी दोघी तिकडे गेल्या. डब्ब्याची चावी ती पर्समध्ये घेऊन गेली. मी गाडीचं डावं दार उघडलं अन् खाली गुडघे टेकले.

काम अगदी साफ केलं. पेचकसाच्या टोकाले फडकं गुंडाळलं. आधी उजवी पिन सरकवली, मग डावी. जुनं प्लास्टिक जोर लावला तर तुटतं, म्हणून थोडं थोडं हलवत काढलं. झाकण खालून सुटलं. वर लॉक लागलेलं, हँडलले टॅग लटकून राहिलेला, तो जरासा हलला फक्त. प्लांटात सगळ्यात जास्त भीती कशाची असते सांगू? स्विच बंद, लॉक जागेवर, टॅग जागेवर, अन् करंट दुसऱ्या बाजूनं मागून येतो. त्यात मेलेली माणसं मी पाहिली आहेत. मी तेच करून राहिलो होतो, अन् त्या वेळी मले फक्त एवढंच वाटत होतं की काय हात आहे आपला.

आत तीन वह्या होत्या. एक इंग्रजीचं गाईड, पानं दुमडलेली. दोन पेन. पुडीत उरलेले फुटाणे. एक चष्मा. माझी बायको चष्मा लावते हे मले माहीतच नव्हतं. अन् एका प्लास्टिकच्या पिशवीत ओपन स्कूलच्या बारावीच्या परीक्षेचं प्रवेशपत्र, तिच्या फोटोचं. इंग्रजीचा पेपर तीन आठवड्यांनी. त्याच्याखाली दोन गुणपत्रिका, गेल्या वर्षीची अन् त्याच्या आधीची. दोन्हींत इंग्रजी नापास. त्या परीक्षा ती कधी देऊन आली, मले पत्ताही नव्हता.

वह्यांमध्ये सगळं हिंदीत लिहिलेलं, इंग्रजीचे शब्द दहा-दहा वेळा. ती मराठी शाळेत शिकलेली, भंडाऱ्याकडच्या गावात, अन् इकडचा अभ्यास सगळा हिंदीतून. तेव्हा सीटचं कोडं सुटलं. डाव्या बाजूले दुसरं कोणी बसत नव्हतं. तीच बसत होती. स्टिअरिंग आडवं येऊ नये म्हणून डाव्या सीटवर जायची, सीट मागे घ्यायची अन् डब्ब्याचं झाकण खाली पाडून त्याच्यावर वही ठेवायची. चार किलोमीटर म्हणजे गाडी मरोद्याच्या रस्त्याले कुठेतरी झाडाखाली लावायची, दीड तास अभ्यास करायची, अन् येताना कोपऱ्यावरून एक कोबी घ्यायची.

मले एकदम हलकं वाटलं. दोन मिनिटं तर मी तसाच खाली बसून हसलो. अन् मग राग आला. माझा राग असाच आहे, त्याले जागा मोकळी दिसली की येऊन बसतो. लग्न जुळवताना आमाले सांगतलं होतं, पोरगी बारावी पास. प्लांटच्या कागदांवर मी स्वतः लिहिलं होतं बारावी पास. म्हणजे वीस वर्षं मले उल्लू बनवलं. मनात एवढं घाणेरडं धरून मी खाली वाकलो होतो, ते एका मिनिटात विसरलो, अन् फसवणूक कोणाची झाली तर माझी!

सगळं होतं तसं ठेवलं. पिना जागेवर बसवल्या. टॅग सरळ केला. कोणाच्या बापाले कळलं नसतं.

तेव्हाच गप्प राहिलो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती. चार दिवस राहिलोही. रविवारी माझी मोठी ताई गोंदियाहून आली. आमचं लग्न तिनंच जुळवलेलं. पोट्टीही त्या वर्षी बारावीलेच होती, शाळेच्या सराव परीक्षेत तिले कमी मार्क पडले होते, अन् तीच गोष्ट निघाली. पोट्टी मोबाईल पाहत बसली होती. बायकोनं तिले हळूच सांगतलं, आत्याशी बोलणं झालं की एक धडा वाचून काढ, मले म्हणून दाखव. ती रोजच पोट्टीकडून धडे म्हणवून घ्यायची. आम्ही समजायचो, आई लक्ष ठेवते. पोट्टीनं तोंड वाकडं केलं. अन् मी, काही कारण नसताना, उचलली जीभ अन् लावली टाळ्याले.

"आधी तू पास हो," मी म्हणालो. "दोन डाव इंग्रजीत नापास झाली, अन् पोरीले शिकवते."

ताईच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. म्हणजे हिची बारावी नव्हती झाली का, असं तिनं विचारलं. पोट्टी एकदा आईकडे पाहे, एकदा माझ्याकडे.

बायको उठली. बाहेर गेली. गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला, थोड्या वेळानं बंद झाल्याचा. परत आली तेव्हा तिच्या हातात काहीच नव्हतं. दारात उभी राहूनच तिनं मले विचारलं.

"खालून?"

एवढाच शब्द. अन् मी काय म्हणालो असेल? आजही आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात. माझ्यासमोर माझी बायको उभी होती, तिची लाज मी माझ्या बहिणीसमोर अन् लेकीसमोर उघडी पाडली होती, अन् माझ्या तोंडातून निघालं:

"हाव. दोन पिना काढल्या फक्त. पाहून घे, एक ओरखडा नाही."

अभिमानानं म्हणालो. सुपरवायझरले काम दाखवावं तसं.

ती वळली. स्वयंपाकखोलीत गेली अन् ताईसाठी पोळ्या करायले बसली. मले वाटलं, आता भांडेल, मग मीही भांडीन अन् मिटून जाईल. आमच्याकडे असंच मिटतं. ती भांडली नाही. ताई दुसऱ्या दिवशी सकाळीच निघून गेली, दोन दिवस राहायले आली होती तरी. जाताना मले एवढंच म्हणाली, तुले अक्कल कधी येणार आहे. लहानपणापासून म्हणते, पण या वेळी तिनं माझ्याकडे न पाहता म्हटलं.

त्याच संध्याकाळी पोट्टीनं मले अंगणात धरलं. ती घरात मराठी बोलते, पण चिडली की हिंदीवर जाते. "पापा, आपको पता भी है?" म्हणाली, अन् मग मराठीत सांगतलं, जे तिले आईनं रात्री सांगतलं होतं. आईचा फक्त इंग्रजीचा पेपर राहिला होता. फेरपरीक्षेच्या दिवशी आईची हळद होती. लग्नाची तारीख आपल्याकडच्यांनी काढली होती. आजोबांनी, म्हणजे आईच्या बापानं, तारीख पुढे न्यायले सांगतलं, तर आपल्याकडचे म्हणाले, पास झालीच समजा, कागद कोण पाहते.

हे मले आठवत होतं. खरंच आठवत होतं. कागद कोण पाहते, हे वाक्य माझ्याच बापाचं, अन् मी तिथेच बाजूले नवरदेव बनायच्या घाईत हसून राहिलो होतो. वीस वर्षं मले ते कधी आठवलं नाही, अन् पोरीनं सांगतल्याबरोबर बापाचा आवाजही कानात आला.

त्या रात्री जेवणानंतर बायकोनं तो लाल टॅग माझ्या ताटाजवळ आणून ठेवला. प्लांटात काम संपलं की माणूस स्वतःच्या हातानं टॅग काढतो, त्यावर सही अन् वेळ टाकतो. तिनं तसंच केलं होतं. सही होती, वेळ होती. सोबत डब्ब्याची चावी.

"माझं काम बंद झालं," ती म्हणाली. "टॅग मी काढला. आता तुम्ही कधीही उघडा."

मी म्हणालो, अवं असं काय करते, मी रागात बोललो. मग तिनं जे सांगतलं, ते मी आजपर्यंत कोणाले सांगतलं नाही. ती म्हणाली, सुपेल्याले पिना मीही पाहिल्या होत्या, खालून उघडतो हे मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कुलूप चोरासाठी लावलं होतं. टॅग तुमच्यासाठी बांधला होता. मले वाटलं, कोहक्यापर्यंत स्कूटरनं जाणारा माणूस आहे.

  तोंड लपवायले जागा नव्हती.

पेपरच्या दिवशी मी सुट्टी टाकली. सकाळी गाडी धुतली, डावी सीट मागे करून ठेवली, डब्ब्यात पाण्याची बाटली ठेवली, नीट, कोंबून नाही. आठ वाजता आत जाऊन म्हणालो, चल, सोडून देतो. ती तांदूळ निवडून राहिली होती. मान वर न करता म्हणाली, तब्येत बरी नाही का, ड्युटीले नाही गेले? मी म्हणालो, पेपर आहे ना तुझा. तेव्हा तिनं ताट बाजूले ठेवलं.

"आता पास झाली तरी लोक काय म्हणतील? नवऱ्यानं टोमणा मारला म्हणून पास झाली. तसं नव्हतं व्हायचं मले."

मी दारात उभाच राहिलो. दहा वाजले, अकरा वाजले. एकदा मनात आलं, हात धरून नेऊ. मग वाटलं, आणखी किती ओढशील. पेपर सुटायची वेळ झाली तेव्हा मी गाडीचं दार लावलं. दुसऱ्या दिवशी मी ड्युटीले गेलो. त्या वर्षी पोट्टी पास झाली, चांगल्या मार्कांनी. पेढे बायकोनंच वाटले. मी प्लांटात नेले नाहीत.

त्यानंतर वर्षभर तो डब्बा उघडाच असायचा. फडकं, पंक्चरची पावती, विम्याचे कागद. कोणीही हात घालावा. चावी मी तिच्या पर्समध्ये परत ठेवून आलो होतो, पण तिनं लॉक लावलं नाही. मी मीटर पाहणं सोडलं. घरातल्या कपाटांले हात लावायचा असला तर विचारायले लागलो, तर ती म्हणायची, घ्या ना, तुमचंच घर आहे. तिच्या बोलण्यात राग नसायचा, अन् तेच सहन व्हायचं नाही.

प्लांटात नवीन ट्रेनी आले तेव्हा साहेब सकाळच्या सेफ्टीच्या बोलण्यात म्हणाले, तुमची ती कोहक्याची गोष्ट सांगा यांले. मी उभा राहिलो. फोरमन कटर घेऊन आला इथपर्यंत सांगतलं. पुढे मी लॉकसमोर आडवा उभा राहिलो, हे सांगायचं होतं. घसा बसला म्हणालो अन् खाली बसलो. साहेबांनी पाणी मागवलं.

या पावसाळ्यानंतर एक दिवस गाडीत टायरची हवा पाहायचं मीटर शोधत होतो. डब्ब्याचं हँडल उचललं तर उघडला नाही. आधी वाटलं जाम झाला. आत दाबून पाहिलं, सुपेल्याच्या मेकॅनिकनं शिकवलं तसं. नाही. लॉक लागलं होतं. हँडलले टॅग नव्हता. डावी सीट पूर्ण मागे.

 बरं वाटलं, हे आधी सांगतो. तिनं पुन्हा सुरू केलं. पोट्टी आता दुर्गले कॉलेजले जाते, घरी दुपारभर कोणी नसतं, तरी ती गाडीतच जाऊन बसते, कारण घर तर माझंच आहे ना. मग वाटलं, टॅग काहून नाही बांधला? विसरली का? का टॅग बांधायच्या लायकीचाच मी राहिलो नाही?

अन् मग मी काय केलं, तेही लिहितो. मी खाली गुडघे टेकले. हातात पेचकस नव्हता, आईची आण. उघडायचं नव्हतं मले. फक्त पिना पाहायच्या होत्या, जुनं प्लास्टिक आहे, सारखं काढून-घालून सैल झालं असेल, मी स्वतःले असंच सांगतलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. मोबाईलचा उजेड खाली मारला.

टॅग तिथे होता. दोन्ही पिनांच्या मधात, पक्क्या दोऱ्यानं बांधलेला. नाव, तिच्या अक्षरात. विभागाच्या जागी काही लिहिलं नव्हतं. तारीख तीन महिन्यांआधीची. म्हणजे तीन महिन्यांपासून तो तिथे लटकून होता, जिथे बसणाऱ्याले दिसत नाही, चालवणाऱ्याले दिसत नाही, फक्त गुडघ्यांवर खाली वाकणाऱ्याले दिसतो.

मी तसाच खाली होतो, तेव्हा मागून चपलांचा आवाज आला. ती उभी होती, खांद्याले पर्स, हातात पुडी. तीन वाजले होते, तिची निघायची वेळ झाली होती.

"दिसला का?" तिनं विचारलं.

"दिसला," मी म्हणालो.

मी उठलो. गुडघ्यांची माती झटकली, ती लवकर जाईना. तिले म्हणायचं होतं की या वेळी मी काही केलं नाही, फक्त पाहिलं. पण फक्त पाहायलेही खाली वाकावंच लागतं, हे तिलेही समजत होतं अन् मलेही. मी बाजूले झालो. ती फिरून उजवीकडे गेली नाही. तिथेच, डाव्या सीटवर बसली, पर्समधून चष्मा काढला, लहान चावी काढली, अन् चावी हातात धरून समोर पाहत राहिली. मी घराच्या दारापर्यंत पोचलो नाही तोवर तिनं डब्बा उघडला नाही.